एर्टिगाचे पुढचे ब्रेक पॅड बदलायचेत, घाटात गाडी भरलेली असते. कोणते घ्यावेत?

इंदिरानगरची_ताई

नमस्कार मंडळी. गाडी २०१७ ची एर्टिगा, पेट्रोल, साधारण बासष्ट हजार किलोमीटर चाललेली. आम्ही इंदिरानगरला राहतो आणि गाडी मीच चालवते. आठवडाभर तिचं काम एकच, मला नाशिकरोडच्या शाळेत नेणं आणि परत आणणं. वडाळा, डीजीपीनगर, उपनगर असा रस्ता. त्यात सिंहस्थाची कामं निघालेली, त्यामुळे जिथे तिथे खोदलेलं, पहिला-दुसरा गिअर आणि पाय सतत ब्रेकवर.

माझं माहेर खर्डीला आहे. म्हणजे जायचं तर कसारा घाट उतरावाच लागतो. समृद्धीवरून इगतपुरीहून थेट आमण्यापर्यंत जाता येतं हे माहीत आहे, पण खर्डीसाठी ते लांबचं पडतं. जाताना आम्ही दोघं, सासू-सासरे, दोन्ही मुलं, शिवाय मागे तांदळाचं पोतं नाहीतर द्राक्षाच्या पेट्या. चैत्रात वणीच्या गडावर जातो तेव्हाही गाडी अशीच भरलेली.

महिनाभर झाला, हळू ब्रेक दाबला की डाव्या पुढच्या चाकातून बारीक किंचाळल्यासारखा आवाज येतो. जोरात दाबला की बंद होतो. सर्व्हिस सेंटरला दाखवलं तर म्हणाले पॅड संपत आलेत, डिस्कही बदला, ब्रेक ऑइलही बदला, आणि अंदाजाचा कागद हातात दिला तो साडेनऊ हजारांचा. मला चाक काढून दाखवा म्हटलं तर "मॅडम, आमच्या सिस्टीममध्ये आलंय" एवढंच उत्तर. द्वारका चौकाजवळच्या एका दुकानात विचारलं, त्यांनी तीन खोकी पुढे ठेवली. एक नऊशेचं, एक सोळाशेचं, एक अठ्ठावीसशेचं. तिसऱ्यावर सिरॅमिक लिहिलेलं. फरक काय विचारलं तर "महाग ते चांगलं" म्हणाले.

मला हे उत्तर पुरत नाही. माझ्या मागच्या सीटवर मुलं बसतात. सिरॅमिक घाटासाठी खरंच चांगले का? डिस्क बदलायलाच हवी का, हे कसं ठरवायचं? आणि फक्त पुढचे बदलून चालेल का? ज्यांना माहिती आहे त्यांनी कृपया सविस्तर सांगा.

पाथर्डीफाटा_८८

मी माझ्या हॅचबॅकला गेल्या वर्षी सिरॅमिक टाकले. आवाज शून्य, आणि अलॉयवर काळी पूड बसायची ती जवळपास थांबली. आधी दर आठवड्याला चाकं घासायला लागायची. माझं ड्रायव्हिंग सगळं शहरातलं, ऑफिस ते घर. मला तरी पैसे वसूल वाटले. तुम्हीही तेच घ्या.

अंबड_गॅरेजवाला

ताई, वरच्या भावाचा अनुभव खराच आहे, पण त्याची गाडी आणि तुमची गाडी वेगळं काम करतात. तो एकटा ऑफिसला जातो. तुम्ही सहा माणसं घेऊन कसारा उतरता. ब्रेक निवडताना गाडी सगळ्यात जास्त भरलेली आणि रस्ता सगळ्यात जास्त उताराचा असेल तो दिवस डोळ्यांसमोर ठेवायचा. शाळेच्या रस्त्यावर नऊशेचं खोकंही थांबवेल. मी अंबडला गॅरेज चालवतो, घाट उतरून आलेल्या, ब्रेक जळाल्याचा वास मारणाऱ्या गाड्या माझ्याकडे पावसाळ्यात आणि लग्नसराईत नेहमी येतात. म्हणून जरा लांब लिहितो.

आधी चाक काढा, पॅड नंतर निवडा. चाक तुमच्यासमोर निघालं पाहिजे, तो तुमचा हक्क आहे. कॅलिपरच्या, म्हणजे पिस्टनने पॅड डिस्कवर दाबणाऱ्या भागाच्या, खिडकीतून बाहेरचा पॅड दिसतो, पण खरी गोष्ट आतला सांगतो, म्हणून कॅलिपर उचलून दोन्ही बघा. मागची लोखंडी पाटी सोडून फक्त मटेरियल मोजायचं. नव्या पॅडचं ते साधारण दहा मिलिमीटर असतं. तीनवर आलं की बदलायचं असं सगळे सांगतात. घाटात जाणारी भरलेली गाडी असेल तर मी चारवरच बदलायला सांगतो, कारण पातळ पॅडमधून उष्णता पिस्टनकडे आणि तिथून ब्रेक ऑइलकडे लवकर पोचते.

तुमच्या आवाजाबद्दल. पॅडला एक छोटी पत्र्याची जीभ असते, पॅड झिजला की ती डिस्कला घासून किंचाळते, मुद्दाम तशी ठेवलेली असते. पण आवाज फक्त डावीकडून येतोय, यावरून मला संशय स्लाइड पिनचा आहे. कॅलिपर दोन पिनांवर सरकतो. त्यावरचं रबरी बूट फाटलं की आत पाणी आणि धूळ जाते, पिन जाम होते. मग कॅलिपर सरकत नाही, आतला पॅड एकटाच घासला जातो आणि बाहेरचा जाडच राहतो. आपल्याकडे इगतपुरीचा पाऊस आणि शहरातली खोदकामाची माती दोन्ही खाल्लेल्या गाड्यांत हे फार सापडतं. पिन मोकळी न करता अठ्ठावीसशेचा पॅड टाकला तरी तो तसाच वाकडा झिजेल.

आता डिस्क. डिस्कवर कमीत कमी जाडीचा आकडा कोरलेला असतो, इंग्रजीत 'मिनिमम थिकनेस' असं लिहून. मायक्रोमीटर लावून तुमच्यासमोर मोजायला सांगा. जाडी त्या आकड्याच्या वर आहे, खोल चरे नाहीत, तडा नाही, ब्रेक मारताना स्टिअरिंग थरथरत नाही, असं असेल तर डिस्क बदलायचं कारण मला दिसत नाही. काठावर उंच कड आली असेल किंवा थोडे चरे असतील तर लेथवर साफ करून मिळते, पण साफ केल्यावरही जाडी त्या आकड्याच्या वर राहिली पाहिजे. नसेल राहत तर नवी घ्या, आणि डिस्क नेहमी जोडीने. एका बाजूची नवी आणि एका बाजूची जुनी ठेवली तर गाडी ब्रेकला एका बाजूला ओढते.

पॅडच्या मटेरियलबद्दल थोडक्यात. जपानी वळणाच्या गाड्यांना कंपनीतून बहुधा नॉन-ॲस्बेस्टॉस ऑरगॅनिक प्रकारचे पॅड येतात. शांत, डिस्कला सौम्य, पूड कमी. सेमी-मेटॅलिकमध्ये लोखंडाचं प्रमाण जास्त, उष्णता जास्त सोसतात, पण सकाळी गार असताना आवाज करतात आणि डिस्क लवकर खातात. सिरॅमिक शांत आणि स्वच्छ. मात्र बाजारात सिरॅमिक हा शब्द कुठल्याही खोक्यावर छापलेला मिळतो आणि तेवढ्या शब्दावरून घाटात काय होईल हे काहीच कळत नाही.

कळतं ते पॅडच्या कडेला किंवा पाटीवर छापलेल्या कोडवरून. त्याच्या शेवटी दोन इंग्रजी अक्षरं असतात. पहिलं अक्षर गार असतानाची पकड, दुसरं तापल्यावरची. 'ई' म्हणजे घर्षणांक ०.२५ ते ०.३५, 'एफ' म्हणजे ०.३५ ते ०.४५, 'जी' म्हणजे ०.४५ ते ०.५५. तुम्हाला दोन्ही 'एफ' असलेला पॅड हवा. पहिलं 'एफ' आणि दुसरं 'ई' असेल तर तो तापल्यावर पकड सोडतो, तो घेऊ नका. ही अक्षरं प्रयोगशाळेतल्या छोट्या तुकड्यावरची असतात, अख्ख्या गाडीची चाचणी नव्हे, तरी खोक्यावरच्या चित्रापेक्षा शंभरपट उपयोगाची. काही पॅडवर वर्तुळात 'ई' आणि एक आकडा, शेजारी 'आर ९०' असतं. तो युरोपातला नियम आहे. बदली पॅडची ताकद मूळ पॅडच्या पंधरा टक्के वर-खाली मर्यादेतच असली पाहिजे, असं तो सांगतो. तो शिक्का दिसला तर चांगलंच.

नावं विचाराल तर मारुतीचं स्वतःचं जेन्युइन पार्टचं खोकं, किंवा गाडी कंपन्यांना माल पुरवणारे, म्हणजे ब्रेक्स इंडिया, राणे, अलाइड निप्पॉन. बॉश आणि ब्रेम्बोचेही मिळतात. यातलं कुठलंही चालेल, अट एकच, माल खरा पाहिजे. चेसिस नंबर देऊन पार्ट नंबर जुळवा, पक्कं बिल घ्या, सील फुटलेलं खोकं परत करा. खोक्याशिवाय कागदात गुंडाळून दिलेला पॅड कितीही स्वस्त असो, मी माझ्या गॅरेजमध्ये बसवत नाही. तुमच्यासमोरचं नऊशेचं खोकं मी पाहिलेलं नाही, पण त्यावर कोड नसेल तर ते परत ठेवा. सोळाशेच्यावर कोड आणि कंपनीचं नाव असेल तर तेच पुरेसं आहे. अठ्ठावीसशे खर्चायची गरज तुम्हाला नाही. वाचलेले बाराशे ब्रेक ऑइलवर घाला.

ऑइलचं मी खास सांगतो, कारण लोक पॅडवर दहा मिनिटं भांडतात आणि ऑइलचं विचारतसुद्धा नाहीत. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी ओढून घेतं. डॉट ३ प्रकारचं ऑइल नवं असताना उकळायला २०५ अंश लागतात, पाणी शोषलं की १४० पुरतात. डॉट ४ चे हेच आकडे २३० आणि १५५. घाटात पॅड तापले, उष्णता कॅलिपरमध्ये गेली, जुनं ऑइल उकळलं की त्यात वाफेचे बुडबुडे होतात आणि पेडल स्पंजासारखं खाली जातं. त्या वेळी पॅड कोणत्या कंपनीचा आहे याला काही अर्थ उरत नाही. दर दोन वर्षांनी ऑइल बदला. तुमचं २०१७ पासून तसंच असेल तर सर्व्हिस सेंटरचा तेवढा सल्ला बरोबर आहे. कोणतं टाकायचं ते ब्रेक ऑइलच्या टाकीच्या झाकणावर लिहिलेलं असतं.

बसवताना समोर उभ्या राहा. पिना काढून पुसून रबराला चालणारं सिलिकॉन ग्रीस लागलं पाहिजे, साधं ग्रीस रबर फुगवतं. क्लिपा नव्या. पिस्टन मागे ढकलताना टाकीतलं ऑइल वर येतं, ते रंगावर सांडलं तर रंग उडतो. कॉम्प्रेसरच्या हवेने ब्रेकची पूड उडवू देऊ नका. स्वस्त मालात ॲस्बेस्टॉस आहे की नाही, हे डोळ्यांनी ओळखता येत नाही, आणि ती पूड तुमच्या-आमच्या फुप्फुसात जाते. ओल्या कपड्याने किंवा ब्रेक क्लीनरने पुसायला सांगा. आणि गाडी जॅकवरून उतरली की हलवण्याआधी पेडल कडक होईपर्यंत दाबायचं. पहिला दाब पोकळ जातो, त्यात गाडी पुढच्या भिंतीला लागलेली मी पाहिली आहे.

इगतपुरी_लोको_निवृत्त

अंबडच्या भाऊंनी पॅडचं सगळं सांगितलं. मी रेल्वेत इंजिनावर नोकरी केली, घाटावर आयुष्य गेलं, तेवढ्यापुरतं बोलतो.

इगतपुरी आणि कसारा या दोन स्टेशनांच्या उंचीत सुमारे तीनशे मीटरचा फरक आहे. रेल्वेचा चढ तिथे १ ला ३७ आहे, म्हणून वर येणाऱ्या गाड्यांना कसाऱ्याला मागून ढकलणारी बँकर इंजिनं लागतात. रस्त्यालाही उतरायचे मीटर जवळपास तेवढेच. तीनशे मीटर उतरताना गाडी जी ऊर्जा सोडते ती, ताशी ८० किलोमीटरच्या वेगातून गाडी जागच्या जागी थांबवण्याच्या जवळपास बारापट भरते. गाडीचं वजन कितीही घ्या, हे गुणोत्तर तेच येतं, मी गणित करून पाहिलंय. भरलेल्या गाडीत फक्त प्रत्येक वेळची उष्णता वाढते. आता ती सगळी पुढच्या चार पॅडवर घालायची की इंजिनाला वाटून द्यायची, हे चालवणाऱ्याच्या हातात आहे.

आम्ही उतरताना नुसत्या हवेच्या ब्रेकवर कधी विसंबलो नाही. इंजिनाचा डायनॅमिक ब्रेक आधी, हवेचा नंतर. ताई, तुम्हीही घाट सुरू व्हायच्या आधी दुसऱ्या-तिसऱ्या गिअरला या, वेग वाढल्यावर नव्हे. ब्रेक दाबायचा तर नीट दाबून वेग उतरवा आणि पाय पूर्ण काढा. पाय हलकासा टेकवून अख्खा घाट उतरणं ही सगळ्यात वाईट सवय, पॅडला गार व्हायला क्षणही मिळत नाही. आणि गाडी न्यूट्रलमध्ये सोडून पेट्रोल वाचवणारे अजून दिसतात, त्यांच्या मागे राहू नका, पुढेही राहू नका.

दिंडोरीकर_बागायतदार

मागच्या चाकांचं कोणी बोललं नाही. एर्टिगाला मागे डिस्कऐवजी ड्रम आहेत, त्यात पॅडच्या जागी लायनर असतात. ते पुढच्यापेक्षा बरेच जास्त टिकतात, म्हणून कोणी उघडत नाही. आमच्याकडे बागेतला रस्ता मातीचा, हंगामात गाडी पेट्या भरून पिंपळगावला जाते. ड्रम उघडला की आत वाटीभर माती निघते. बासष्ट हजार झालेत तर एकदा उघडून साफ करून घ्याच. लायनर ढकलणाऱ्या व्हील सिलिंडरला ओल दिसली तर ते लगेच बदला, कारण ऑइल लायनरला लागलं की तो लायनर वाया गेला. आणि हँडब्रेक किती खटक्यांवर लागतो ते बघा. गडावर नांदुरीच्या चढाला गाडी रांगेत उभी राहते तेव्हा तोच कामाला येतो.

इंदिरानगरची_ताई

सगळ्यांचे मनापासून आभार. रविवारी घराजवळच्या एका मेकॅनिककडे समोर उभं राहून चाक काढून घेतलं. अंबडच्या दादांनी लिहिलं तेच निघालं. डाव्या चाकाचा आतला पॅड जेमतेम अडीच मिलिमीटर, बाहेरचा सहा. खालची पिन जाम, बूट फाटलेलं. उजवीकडचे दोन्ही सारखे, चार-साडेचार. डिस्क मोजली, कोरलेल्या आकड्याच्या बरीच वर आहे, चरेही नाहीत, म्हणून तीच ठेवली. मुलगा शेजारी उभा राहून सगळं बघत होता, त्याने मायक्रोमीटरवरचा आकडा दोनदा वाचून दाखवला.

पॅड सोळाशेवाले घेतले, कडेला दोन्ही अक्षरं 'एफ' आहेत, पक्कं बिल आहे. पिना, बूट, क्लिपा नव्या. ब्रेक ऑइल बदललं. जुनं चहासारखं काळपट निघालं, आधी कधी बदललेलं नव्हतंच. मागचे ड्रम साफ केले, लायनर अजून चांगले आहेत, सिलिंडर कोरडे. सगळं मिळून पाच हजारांच्या आत झालं.

आता दोन शंका. काल पांडवलेण्याजवळच्या उतारावर थोडा वास आला. आणि पेडल आधीपेक्षा किंचित खोल जातंय असं वाटतं. नवे पॅड आहेत म्हणून असं होतं का? पुढच्या शनिवारी खर्डीला जायचं आहे.

अंबड_गॅरेजवाला

वास पहिले काही दिवस येतो, नव्या पॅडमधलं राळ तापून निघतं. त्याची काळजी नको. पण चाकातून धूर आला, किंवा थांबल्यावर एकच चाक दुसऱ्यापेक्षा खूप गरम लागलं, तर थांबा, पिन पुन्हा बघावी लागेल. हात रिमजवळ न्यायचा, डिस्कला लावायचा नाही.

पेडलचं मात्र मी हलकं घेणार नाही. नवे पॅड डिस्कवर बसेपर्यंत पकड थोडी कमी वाटते, ते वेगळं. पेडल खोल जाणं वेगळं. एक करून बघा. गाडी उभी, इंजिन चालू, पेडल एकदा दाबून ठेवा, सोडा, लगेच पुन्हा दाबा. दुसऱ्या वेळी ते वर कडक होत असेल तर लाइनमध्ये हवा राहिली असण्याचा संभव जास्त, किंवा मागचे लायनर साफ केल्यावर ॲडजस्ट केलेले नाहीत. दाबून धरल्यावर हळूहळू खालीच जात राहिलं तर गळती किंवा मास्टर सिलिंडर, म्हणजे पेडलमागचा ऑइलचा पंप, खराब. दोन्हींत गाडी परत त्याच मेकॅनिककडे न्या आणि चारही चाकांचं ब्लीडिंग, म्हणजे लाइनमधली हवा काढणं, करायला सांगा. शनिवारच्या आधी.

पेडल ठीक झालं की नवे पॅड डिस्कवर घासून नीट बसवून घ्या. पहाटे वाडीवऱ्हे ते गोंदे या पट्ट्यात मागे गाडी नाही बघून साठच्या वेगातून वीसवर आणा, मध्यम दाबाने, पूर्ण थांबवू नका. थोडं अंतर चालवून गार होऊ द्या आणि पुन्हा करा. असं सात-आठ वेळा. शेवटी ब्रेक न लावता दोन-तीन किलोमीटर चालवा. तापलेल्या डिस्कवर पेडल दाबून उभं राहू नका, तिथे पॅडचा डाग बसतो आणि नंतर स्टिअरिंग थरथरतं. पहिले अडीचशे-तीनशे किलोमीटर जोराचे ब्रेक टाळले तर उत्तम.

इंदिरानगरची_ताई

दुसऱ्या दाबाला पेडल वर कडक होत होतं. आज संध्याकाळी ब्लीडिंग करून घेतलं, मागच्या डाव्या चाकातून बुडबुडे निघाले. मागचे लायनरही ॲडजस्ट केले, हँडब्रेक आता पाचव्या खटक्याला धरतो. पेडल वरच थांबतंय. उद्या पहाटे वाडीवऱ्ह्याकडे जाऊन पॅड बसवून घेते.